वाचक विचारतात : "कानात आवाज येतो, डॉक्टर म्हणतात सवय करून घ्या"

मागच्या अंकात कानाच्या मशीनबद्दल लिहिताना ओघात एक वाक्य लिहून गेले होते, की तपासायला जाल तेव्हा कानात शिट्टी किंवा घूं असा आवाज येत असेल तर तेही ऑडिओलॉजिस्टला, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाला, सांगा. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आलेत की मशीनचे प्रश्न बाजूलाच राहिले. कुणाला रातकिडे ऐकू येतात, कुणाला कुकरची शिट्टी, कुणाला लांबवर पिठाची गिरणी चालू असल्यासारखं, एका आजोबांनी लिहिलंय की चोवीस तास विजेच्या तारांत वारा शिरल्यासारखा आवाज येतो. आणि जवळपास प्रत्येक पत्रात एक वाक्य आहेच, डॉक्टर म्हणाले याला इलाज नाही, सवय करून घ्या.

हे वाक्य ऐकून माणूस दवाखान्यातून कसा बाहेर पडतो ते मला माहितीये, कारण त्यातले काही जण फिरत फिरत वर्षा-दोन वर्षांनी आमच्या तपासणीच्या खोलीत येतात, आणि बरेच जण कुठेच जात नाहीत, घरी बसून सहन करतात. वाक्य पूर्ण खोटं असतं तर बरं झालं असतं, ते अर्धं खरं आहे म्हणून जास्त घात करतं. म्हणून यावेळचं सदर सगळं याच विषयावर. पाच पत्रं घेतलीयेत, नावं काढलीत, गावं ठेवलीत.

मॅडम नमस्कार. माझे वडील ५८ वर्षांचे आहेत, इचलकरंजीत तीस वर्षं यंत्रमागावर काम केलं, आता दोन वर्षं झाली घरीच आहेत. रात्री दोन-अडीचला उठून बसतात आणि म्हणतात माग चालूच आहे. आईला वाटलं भास होतायत. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी कानात टॉर्चनं बघितलं, म्हणाले पडदा चांगला आहे, वयाप्रमाणे होतं, गोळ्या देतो, सवय करून घ्या. तीन महिने गोळ्या घेतल्या, फरक शून्य. आता चिडचिड करतात, टीव्ही मोठ्यानं लावतात, लग्नकार्याला यायला नको म्हणतात. हे मानसिक आहे का? नेमकं कुणाकडे न्यायचं? – एक मुलगी, इचलकरंजी

ताई, आधी एक काम करा. वडिलांच्या समोर बसून जरा मोठ्यानं त्यांना सांगा की बाबा, तुम्हाला जो आवाज येतो तो खरा आहे, डॉक्टरबाईंनी लिहिलंय. बाहेर माग चालू नाहीये हे त्यांनाही कळतं, पण आवाज त्यांना येतोय आणि तो कान आणि मेंदू मिळून तयार करतायत. याला टिनिटस म्हणतात. आयुर्वेदात याच त्रासाला कर्णनाद म्हटलंय, म्हणजे यंत्रमाग यायच्या कितीतरी आधीपासून माणसाला हे माहितीये. भास वेगळा असतो, भासात कुणीतरी बोलतं, नाव घेऊन हाक मारतं, अमुक कर म्हणून सांगतं, तसं असेल तर मानसोपचार तज्ज्ञांकडे जायचं. खटखट, घरघर, शिट्टी, घूं हे टिनिटसचंच काम.

आता हे होतं कसं. आतल्या कानात वाटाण्याएवढा एक शंख असतो, कॉक्लिआ, त्यात बारीक केस असलेल्या पेशी असतात, एका कानात साधारण १५ हजार. आवाजाची खबर मेंदूपर्यंत जाते ती त्यांच्यामुळे, आणि माणसात त्या एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. मागाच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर असतो, ज्यांनी शेड आतून बघितलीय त्यांना आकडा सांगायची गरज नाही, तिथे शेजारी उभी असलेली दोन माणसंही हातवाऱ्यांनी बोलतात. तीस वर्षं हे चाललं की वरच्या बारीक सुरांच्या पेशी आधी जातात. मग त्या सुरांची खबर कानाकडून येईना झाली की मेंदू आपल्या बाजूनं बटण वाढवत जातो, जुन्या रेडिओवर लांबचं स्टेशन लागेना म्हणून आपण आवाज वाढवायचो आणि गाण्यापेक्षा खरखरच मोठी यायची ना, अगदी तसं. वडिलांना ऐकू येतेय ती खरखर. संशोधकांचं सगळ्या बारकाव्यांवर अजून एकमत नाहीये पण ऐकू कमी होणं आणि कानात आवाज येणं ही जोडी फार जवळची आहे, आणि टीव्ही मोठा लावणं हे त्याचंच लक्षण आहे, हट्टीपणाचं नाही.

१९५३ साली अमेरिकेत हेलर आणि बर्गमन या दोघांनी एक साधा प्रयोग केला होता. चांगलं ऐकू येणारी ८० माणसं, एकेकाला साउंडप्रूफ खोलीत पाच मिनिटं बसवायचं आणि काय ऐकू आलं ते विचारायचं. ९४ टक्के लोकांनी काही ना काही आवाज सांगितला. म्हणजे पूर्ण शांततेत आपल्या जवळपास सगळ्यांच्या आत काहीतरी वाजतंच, मेंदू ते कामाचं नाही म्हणून बाजूला टाकतो. रात्री अडीचला घर शांत असतं तेव्हा वडिलांना माग ऐकू येतो तो यामुळेच, दिवसभर तोच आवाज असतो पण रस्त्याच्या, भांड्यांच्या, माणसांच्या आवाजात बुडालेला.

तर टॉर्चनं कान बघणं ही पहिली पायरी आहे आणि ती झालीय, त्यात मळ, पडद्याला भोक, पडद्यामागे पाणी एवढं कळतं. पण पडदा म्हणजे घराचं दार, आतल्या खोलीचं काय ते दारावरून कळत नाही. तुमच्या वडिलांची ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, झालीच नाहीये, आणि माझं स्पष्ट मत आहे की ऑडिओमेट्री न करता "सवय करा" म्हणायचा हक्क कुणालाच नाही.

ही तपासणी कशी असते ते सांगते म्हणजे वडील घाबरणार नाहीत. एक छोटी बंद खोली, जाड दार, कानाला हेडफोन, हातात एक बटण. अगदी हळू टूं ऐकू आलं की बटण दाबायचं, २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंतचे सूर एकेक करून, एकेका कानात. सुई नाही, दुखत नाही, अर्ध्या-पाऊण तासात होतं. फक्त त्या खोलीत शिरल्यावर स्वतःचा टिनिटस एकदम मोठा वाटतो, आधीच सांगितलेलं बरं. त्याचा ग्राफ निघतो, आणि आवाजात काम केलेल्या माणसाच्या ग्राफवर बहुतेक वेळा ४००० हर्ट्झच्या आसपास एक खड्डा असतो.

त्यानंतर आम्ही अजून एक गोष्ट करतो, टिनिटस जुळवून बघतो. मशीनमधून वेगवेगळे सूर देत जायचं आणि विचारायचं, तुमचा आवाज याच्यासारखा आहे का, याच्यापेक्षा बारीक आहे का. माझ्याकडे एक कारागीर आले होते, तुमच्या वडिलांच्याच वयाचे, आठ-दहा सूर झाले, मान हलवून नाही नाही म्हणत होते, आणि मग एका सुराला त्यांनी हात वर केला आणि हेडफोन काढून बायकोच्या कानाला लावला, म्हणाले, "हे ऐक. हे मला चार वर्षं येतंय." त्या बाईंनी ऐकलं आणि तोंडाला पदर लावून रडायलाच लागल्या, कारण चार वर्षं त्यांना वाटत होतं हा माणूस कामं टाळायला सांगतोय. इलाज तोवर काहीच सुरू झाला नव्हता. पण घरी जाताना दोघं बोलत गेले.

इलाजाचं म्हणाल तर ऐकू कमी येत असेल तर मशीन हा टिनिटसवरचाही उपाय आहे, हे फार लोकांना माहीतच नसतं. बाहेरचे हरवलेले सूर परत आत यायला लागले की मेंदूला बटण एवढं वाढवून ठेवायची गरज राहत नाही आणि आवाज मागे सरकतो. सगळ्यांचा जात नाही. पण समोरच्याचं बोलणं कळायला लागलं की चिडचिड आणि लग्नाला नको म्हणणं यातलं अर्धं तिथेच सुटतं. मशीन मात्र दुकानात जाऊन स्वस्तातलं आवाज वाढवणारं खोकं घेऊ नका, ते सगळाच आवाज वाढवतं. ग्राफ बघून सेट केलेलं हवं, आणि करणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेली ऑडिओलॉजिस्ट हवी, नोंदणी नंबर विचारायला लाजू नका.

कुठे न्यायचं? मिरज-सांगली-कोल्हापूर तुम्हाला जवळ, मोठ्या हॉस्पिटलात किंवा मेडिकल कॉलेजच्या कान-नाक-घसा विभागात ऑडिओलॉजी आहे का ते आधी फोन करून विचारा, आणि अपॉइंटमेंट घेताना "टिनिटसची तपासणी" हे शब्द वापरा. मुंबईला जाणं जमत असेल तर वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, केंद्र सरकारची, १९८३ पासून हेच काम करतेय, आणि नायर हॉस्पिटलमध्येही ऑडिओलॉजीचा जुना विभाग आहे. उत्पन्न ठरावीक मर्यादेत असेल तर ॲडिप या केंद्राच्या अपंगांना साधनं देणाऱ्या योजनेतून मशीन मिळू शकतं, उत्पन्नाचा दाखला आणि आधार बरोबर न्या. आणि ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड कधी निघालं असेल तर शोधून काढा. १९४८ च्या कारखाना कायद्याला जोडलेल्या तिसऱ्या परिशिष्टात आवाजामुळे येणारा बहिरेपणा हा कामातून होणारा आजार म्हणून लिहिलेला होता. तीस वर्षं ज्यांनी कापड विणलं त्यांच्या कानाची नोंद कुठेतरी व्हावी असं मला फार वाटतं.

मला उजव्या कानात धपधप असा आवाज येतो, जिना चढला की वाढतो, त्या कुशीवर झोपलं की जास्त. शिट्टी वगैरे नाही. वय ३४. गेल्या वर्षभरात वजन पण खूप वाढलंय आणि सकाळी डोकं जड असतं, वाकून उठलं की क्षणभर डोळ्यासमोर अंधार येतो. हा पण टिनिटसच ना? सवय होईल ना? – नाशिक

ताई, तुम्हाला अंक निघायची वाट न बघता त्याच दिवशी मेसेज केला होता, इथे छापतेय ते बाकीच्यांसाठी. मनगटावर बोटं ठेवून नाडी बघा आणि कानातल्या धपधपशी जुळतेय का बघा. जुळत असेल तर हा वेगळा प्रकार आहे, नाडीबरोबर येणारा टिनिटस, आणि याची सवय करायची नसते, याचं कारण शोधायचं असतं. कधी कारण साधं निघतं, रक्त कमी असणं, थायरॉइड वाढलेला असणं, ब्लडप्रेशर. कधी कानाजवळच्या रक्तवाहिनीत काही असतं, किंवा मधल्या कानात रक्तवाहिन्यांची छोटी गाठ. आणि तरुण बाई, वाढलेलं वजन, सकाळची डोकेदुखी, वाकल्यावर नजर जाणं हे सगळं एकत्र आलं की डोक्यातला दाब वाढलाय का ते बघावंच लागतं, कारण तो दाब डोळ्याच्या नसेवर पडतो आणि उशीर झाला तर नजर कायमची जाऊ शकते.

म्हणून याच आठवड्यात दोन दारं, डोळ्यांच्या डॉक्टरकडे बाहुली मोठी करून नस तपासायची, आणि कान-नाक-घसा किंवा न्यूरोच्या डॉक्टरकडे, ते एमआरआय आणि रक्तवाहिन्यांचा स्कॅन सांगतील. नजर अजून जास्त वेळ जायला लागली तर आठवडा कसला, सरळ इमर्जन्सीत जा. आनंदाची गोष्ट ही की टिनिटसच्या या प्रकारात कारण सापडलं आणि दुरुस्त झालं तर आवाज पूर्ण थांबू शकतो.

पाच आठवड्यांपूर्वी सकाळी उठलो तर डावा कान बंद आणि आत जोरात सूं आवाज. वाटलं मळ असेल. मेडिकलवाल्यानं थेंब दिले, मग फॅमिली डॉक्टरनं सर्दीचं औषध दिलं. अजून तसंच आहे, फोन त्या कानाला लावता येत नाही. वय ४१, ठाणे.

दादा, हे पत्र वाचून जीव तुटला. एका रात्रीत किंवा दोन-तीन दिवसांत एक कान गेला तर ती कानाची इमर्जन्सी असते, हे आपल्याकडे शाळेत शिकवायला हवं. बऱ्याचदा यात कानाची नसच अचानक बसलेली असते, कारण सापडतंच असं नाही, आणि स्टेरॉइडचा उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाला तर कान परत यायची शक्यता सगळ्यात जास्त. तुमचे पाच आठवडे झालेत, पण पडद्यातून आत इंजेक्शन देऊन प्रयत्न करतात तो सहा आठवड्यांपर्यंत विचारात घेतात, म्हणजे तुमच्याकडे अजून थोडे दिवस आहेत. उद्याच कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा. ऑडिओमेट्री त्याच दिवशी करा म्हणून अडून बसा. आणि पुढे एमआरआय सांगतील, तोही टाळू नका, एका बाजूचाच कान जातो किंवा एकाच कानात आवाज येत राहतो तेव्हा ऐकण्याच्या नसेवर गाठ नाही ना ते बघून घ्यायचं असतं. ती क्वचित असते, आणि असली तरी बहुतेक वेळा कॅन्सरची नसते, हळू वाढते, पण माहीत असलेली बरी.

बाकी सगळ्यांनी एक युक्ती लक्षात ठेवा. कान अचानक बंद झाला तर तोंड मिटून "हम्म्म" करा. आवाज बंद कानात मोठा घुमला तर मळ किंवा सर्दीनं बंद असायची शक्यता जास्त. चांगल्या कानाकडे सरकला तर नसेचा प्रश्न असू शकतो, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ही फक्त खूण आहे, हिच्या भरवशावर घरी थांबू नका.

आम्ही पुण्यात ढोल-ताशा पथकात आहोत, मी २२ वर्षांची. विसर्जनानंतर दोन दिवस कानात टीं वाजतं आणि सगळं कापसातून ऐकू आल्यासारखं येतं, मग आपोआप जातं. ताशावाल्या दादाचं मात्र यावर्षी गेलंच नाही. आम्ही कापूस घालतो. काही होणार नाही ना?

ढोल मलाही आवडतो, नदीकाठी सराव सुरू झाला की पाय आपोआप तिकडे वळतात, त्यामुळे सोड म्हणणार नाही. पण दोन दिवस वाजणारं ते टीं म्हणजे कानानं दिलेली तक्रार आहे. पेशी दमतात, सावरतात, पुन्हा दमतात, आणि एका वर्षी सावरत नाहीत, तुमच्या दादाचं तेच झालेलं असू शकतं. शिवाय ऐकू यायला लागलं म्हणजे सगळं भरून निघालं असंही नसतं, पेशी आणि नस यांच्यातले जोड तुटलेले राहू शकतात आणि ते साध्या ऑडिओमेट्रीत दिसतही नाहीत.

हिशोब असा आहे. अमेरिकेतली कामगारांच्या आरोग्याची संस्था आहे, नायॉश, ती म्हणते ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपर्यंत चालेल, आणि त्यापुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा करायचा. ८८ ला ४ तास, ९१ ला २, असं करत १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. ताशाच्या शेजारी उभं राहिलात तर शंभरच्या पुढेच असता, आणि मिरवणूक किती तास चालते ते तुम्हीच मला सांगा.

कापसाचा जवळपास काही उपयोग नाही, तो बंदच करा. फोमचे इअरप्लग मेडिकलमध्ये स्वस्तात मिळतात, बोटांत गोल वळून बारीक करायचा, कान वर ओढून आत घालायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटानं धरून ठेवायचा, नुसता टेकवला तर काही होत नाही. ताल कळत नाही अशी तक्रार येते, त्यासाठी वादकांचे वेगळे प्लग येतात, सगळे सूर सारखेच कमी करणारे, पथकानं मिळून मागवा. सरावात दर तासाला दहा मिनिटं ढोलापासून लांब जा, ताशावाल्याची जागा आलटून पालटून ठेवा. आणि दादाला ऑडिओमेट्रीला पाठवा, तरुण आहे, आता ग्राफ निघाला तर पुढे दरवर्षी तुलना करता येईल.

मी निवृत्त शिक्षिका, वय ६७, सावंतवाडीजवळ एकटीच राहते, मुलगा पुण्यात. दोन्ही कानांत तीन वर्षं रातकिडे. तपासणी झाली आहे, वयोमानाने थोडं कमी ऐकू येतं म्हणाले, बाकी सगळं ठीक. पावसाळ्यात बरी झोपते. दिवाळी सरली की रात्री नकोशा होतात. तेल, लसूण, यूट्यूबवरचे व्यायाम, एका जाहिरातीतल्या महागड्या गोळ्या, सगळं करून झालं. चहा पण सोडला. कधी कधी वाटतं आता पुरे झालं. आपण म्हणता सवय होते, ती करायची कशी ते कुणी सांगत नाही.

बाई, नमस्कार. तुमच्या शेवटच्या वाक्यासाठीच हे सदर लिहायला घेतलं.

आधी सोपं उरकते. चहा प्या. चहा-कॉफी सोडून टिनिटस कमी होतो असं दिसलेलं नाही, उलट एकटं राहणाऱ्या माणसाचा दुपारचा चहा काढून घेणं बरोबर नाही. तेल आणि लसूण कानात नको, कातडी भाजते आणि पडद्याला बारीक भोक असेल तर मधल्या कानात जातं. जिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क), झिंक, "कानाचं टॉनिक" म्हणून मिळणाऱ्या गोळ्या, यांच्यामागे लागू नका, अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ सालच्याच मार्गदर्शक सूचनांत जिंको, झिंक आणि झोपेसाठी घेतात ते मेलाटोनिन टिनिटससाठी देऊ नका म्हणून लिहिलंय. टिनिटस बंद करणारी गोळी आजच्या तारखेला जगात कुठेही नाही, जो आहे म्हणतो त्याला पैसे देऊ नका. हां, बीपी-शुगरच्या चालू गोळ्या मात्र कुणाच्या सांगण्यावरून थांबवू नका. काही औषधांनी कानात आवाज येतो हे खरं, टीबीचं स्ट्रेप्टोमायसिन, ॲमिकासिनची इंजेक्शनं, कॅन्सरचं सिस्प्लॅटिन, मोठ्या डोसमधली ॲस्पिरिन, तशी शंका असेल तर यादी डॉक्टरांसमोर ठेवा, बदल त्यांनी करायचा.

आता सवय. रेल्वेलाइनला लागून राहणाऱ्या लोकांना लोकलचा आवाज ऐकू येत नाही म्हणतात, पाहुणा मात्र रात्रभर जागा असतो. आवाज दोघांच्या कानात सारखाच जातो. फरक असा की घरच्यांच्या मेंदूनं ठरवून टाकलंय की यात धोका नाही. टिनिटसमध्ये उलटं झालेलं असतं, आवाज सुरू झाला त्या दिवसांत भीती बसली, हे वाढेल का, मी बहिरी होईन का, डोक्यात काही आहे का, आणि मेंदूनं त्या आवाजाला धोक्याच्या यादीत टाकलं, आता तो राखणदारासारखा दर मिनिटाला बघून येतो की आहे का अजून. पावेल जास्ट्रेबॉफ या संशोधकांनी १९९० मध्ये हे नीट मांडलं आणि पुढे त्यावरच उपचाराची एक पद्धत उभी राहिली. म्हणून तुमच्या तपासण्या ठीक आल्या ही अर्धी औषधाची मात्रा आहे, राखणदाराला सांगायला पुरावा मिळाला.

उरलेल्या अर्ध्यासाठी दोन गोष्टी. पहिली, शांततेत झोपायचं नाही. पावसाळ्यात तुम्हाला बरं वाटतं, म्हणजे उपाय तुमच्या घरानं तुम्हाला आधीच दाखवलाय. उशाशी हळू आवाज ठेवायचा, पंखा, रेडिओवरची मंद आलापी, काहीही चालेल, फक्त तो रातकिड्यांपेक्षा किंचित खाली हवा. पूर्ण झाकून टाकला तर मेंदूला शिकायला काही उरत नाही, दोन्ही बरोबर ऐकू यायला हवेत म्हणजे हळूहळू तो फरक करणं सोडतो. दिवसा कानात बोळे घालून बसू नका, त्यानं आतला आवाज वाढतो. आणि आज किती आहे, कालपेक्षा जास्त आहे का, असं कान देऊन मोजत बसणं थांबवा, मोजणं म्हणजे राखणदाराला परत दारात पाठवणं. थोडं कमी ऐकू येतं म्हणालात ना, मग मशीनची ट्रायलही घेऊन बघा, विकत घ्यायच्या आधी काही दिवस वापरायला मागा. आठवड्यात फरक नाही पडणार, महिने लागतात, सहा महिने ते वर्ष धरून चाला.

दुसरी गोष्ट सीबीटी, बोलून करायचा उपचार, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतात. आवाज त्यानं कमी होत नाही, आवाजाचा त्रास कमी होतो, आणि त्रासावर सगळ्यात भक्कम पुरावा याच उपचाराचा आहे. तिथे पाठवलं म्हणजे तुम्हाला वेडं ठरवलं असं बिलकुल नाही. सावंतवाडीला तसं कुणी नसेल तर व्हिडिओ कॉलवरही होतं, मुलाला शोधून द्यायला सांगा.

आणि "आता पुरे झालं" असं जे लिहिलंत ते मी वाचून पुढे गेले नाहीये. आजच्या आज मुलाला फोन करा आणि हेच शब्द सांगा, गाळू नका. १४४१६ हा मानसिक आधारासाठीचा सरकारचा टेलिमानसचा नंबर आहे, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं, रात्री दोन वाजता रातकिडे वाढले की तेव्हा लावा, तो त्या वेळेसाठीच आहे. तुमचा नंबर पत्रात होता, मीही या रविवारी फोन करतेय.

तोवर एक काम. अजून पाऊस आहे तुमच्याकडे. रात्री खिडकीशी फोन ठेवून अर्धा-पाऊण तास रेकॉर्डिंग करून घ्या, कौलावर पडणारा एक दिवस, आणि पाऊस थांबल्यावर पागोळ्या गळतात ना अंगणात, तो वेगळा. दोन्ही साठवून ठेवा, दिवाळीनंतर लागतील.